वाचकांचे प्रश्न : ओव्या, वरातीचा बँड आणि काळी पाच

मागच्या अंकात मी सध्याच्या कामाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे जात्यावरच्या मराठी ओव्या आणि कानडी गरतिय हाडु, म्हणजे घरातल्या बायकांची गाणी, एकत्र घेऊन त्याला लग्नाच्या बँडमधले वादक लावायचे असं काहीतरी. तर त्यावर एवढे प्रश्न आले की संपादक म्हणाले, ताई आता तुम्हीच बसा आणि उत्तरं लिहा. सगळे प्रश्न घेता येणार नाहीत, सारखेसारखे होते ते एकत्र केलेत. आणि मुलीला टीव्हीवरच्या गाण्याच्या शोमध्ये कसं घालायचं असं ज्यांनी विचारलंय त्यांनी प्लीज दुसरं कुणीतरी गाठा.

प्रश्न : ताई, तुम्ही स्वतःला संगीतकार पण म्हणवता आणि अरेंजर पण. गाण्याला चाल लावली की झालं की, अरेंजरला काम काय राहतं? (हिंडलगा)

चाल लावली की निम्मं झालं. आता सुरुवातीला काय वाजणार, दोन कडव्यांच्या मध्ये कोण येणार, बासरी गायिकेच्या वर ठेवायची का खाली, तबला पहिल्याच ओळीला हवा का दुसऱ्या ओळीपासून, शेवटी सगळे थांबणार का एकेक जण गळत जाणार, हे कुणीतरी ठरवतंच की. मराठीत त्याला संगीत संयोजन म्हणतात आणि कॅसेटच्या कव्हरवर ते नाव सगळ्यात बारीक अक्षरात असायचं. प्रभाकर जोग लोकांना व्हायोलिनवाले म्हणून माहीत, पण सुधीर फडक्यांबरोबर त्यांनी कितीतरी वर्षं सहायक म्हणून काम केलं ते कोण लक्षात ठेवतंय. अनिल मोहिलेंचं तसंच. हिंदीत तर सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस असली गोव्याची माणसं, त्यांच्याकडं चर्चच्या शाळेतनं लहानपणीच पोरांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकवायची पद्धत, म्हणून मुंबईच्या स्टुडिओत वीस-तीस वादकांसमोर कागद ठेवून एका दुपारी गाणं उभं करता यायचं.

माझ्यापुरतं म्हणाल तर समोर कोण वाजवणार आहे ते कळल्याशिवाय मला एक ओळ लिहिता येत नाही. कागदावर सुंदर दिसणारं अरेंजमेंट एकीकडं आणि रात्री बारापर्यंत वरात वाजवून सकाळी ओठ सुजलेला ट्रम्पेटवाला दुसरीकडं, तर मी ट्रम्पेटवाल्याच्या बाजूची. त्याला वरचा सूर झेपत नसेल तर मी सूर खाली आणते, त्याला बदलून पुण्याहून दुसरा बोलवत नाही.

प्रश्न : ओव्यांचं नेमकं काय करताय? आणि ओवीला बँड कशाला? ओवी साधीच बरी वाटते की. (शहापूर, अनगोळ, नंदगड, तिघांनी साधारण हेच विचारलंय)

साधीच बरी वाटते, मान्य. म्हणूनच ओवी आहे तशीच ठेवलीय, गायला कुणी सिंगर आणलेली नाही. खानापूरकडच्या बायका मराठी ओव्या गातात, बैलहोंगलकडच्या बायका दळतानाची कानडी पदं गातात, बरीचशी त्रिपदीत, म्हणजे तीन ओळींची. विषय तेच आहेत बघा, माहेर, भाऊ, सासूचं बोलणं, पाऊस, देव. पण गाडी वेगळी चालते. ओवी मापाला सैल असते, अक्षरं जास्त झाली तरी बाई ती दामटून बसवते, कमी पडली तर शेवटचा स्वर ओढते, आणि त्रिपदी घट्ट, तिला तसं ताणलं तर लगेच कळतं. दोन्ही एकापुढं एक ठेवायचं म्हणजे मधला सांधा कसा करायचा हाच माझा सध्याचा उद्योग आहे.

पहिली गोष्ट म्हणजे यात मेट्रोनोम चालत नाही. स्टुडिओत सवय अशी की आधी क्लिक लावायची, कानात टक टक टक, आणि त्यावर गायचं. जात्यावर बसलेल्या बाईला क्लिक कशाला पाहिजे, जात्याचा फेरा हाच तिचा ताल, आणि तो फेरा दाणे घातले की जड होतो, पीठ पडायला लागलं की हलका होतो, मध्ये ती मूठ भरायला थांबते तेव्हा एक हात सुटतो, पण गाणं सुटत नाही. हे तुम्ही कान देऊन ऐका एकदा, मूठ घालताना आवाज जरा पुढं येतो कारण ती वाकलेली असते. तर आम्ही उलटं केलं. आधी बाई आणि जातं, जसं येईल तसं रेकॉर्ड केलं, एक माइक गाणाऱ्या बाईच्या तोंडाच्या जरा बाजूला आणि एक जमिनीलगत जात्याजवळ, आणि मग कॉम्प्युटरवर प्रत्येक फेऱ्याला खूण करून टेम्पो मॅप बनवला. म्हणजे क्लिक आता बाईच्या मागं मागं जाते. वादकांना पहिल्यांदा हे विचित्र वाटतं, पण वरातीत नाचणाऱ्यांच्या मूडप्रमाणं ठाय-दुगुन, म्हणजे लय संथ-दुप्पट, करणाऱ्या माणसाला ते पटकन जमतं, कॉलेजात शिकलेल्या कीबोर्डवाल्याला जमायला वेळ लागतो. बँड का, याचं एक कारण हे.

दुसरं कारण स्वराचं. बायकांच्या गळ्याला काळी चार-पाच, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी-पाचवी काळी पट्टी, सा म्हणून साधारण बरी पडते. आपल्या बँडमधला क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असतो, म्हणजे वादकानं त्याच्या वाद्यावरचा सी वाजवला की प्रत्यक्षात हार्मोनियमची काळी पाच ऐकू येते. ट्रम्पेटचं तसंच. आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटचा, त्याचा सी म्हणजे काळी दोन, म्हणजे काळी पाचचा मध्यम. म्हणजे काळी पाचला सा धरला की क्लॅरिनेट-ट्रम्पेटला सगळं सरळ बोटांखाली येतं आणि बाईला पण गळा ताणावा लागत नाही. तोच सा काळी एकला धरला तर क्लॅरिनेटवाल्याला तीन फ्लॅटमध्ये बोटं मोडावी लागतात, आणि आमचा क्लॅरिनेटवाला दिवसा वेल्डिंगच्या दुकानात असतो, त्याची बोटं आधीच वैतागलेली असतात.

त्यांच्यातल्या कुणाला नोटेशन येत नाही आणि त्यानं काही अडत पण नाही. मी सरगम गाऊन व्हॉइस नोट टाकते, ते मोबाइल टेबलावर ठेवून चार वेळा ऐकतात आणि वाजवतात. क्लॅरिनेटवाला तर माझी चुकीची मींड, म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, सुधारून परत पाठवतो, खाली लिहितो, "मॅडम असं बरं वाटतंय की."

तिसरी बाजू चौंडक्याची. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यात वाजतं ते, काखेत दाबून धरतात आणि तार ओढत, सैल करत वाजवतात, त्यामुळं त्याला एकच सूर असा नसतोच. ते ट्यून करायच्या भानगडीत मी पडले नाही. जिथं क्लॅरिनेट लांब सूर धरतो तिथं चौंडकं गप्प, आणि जिथं फक्त जात्याची घरघर आहे तिथं चौंडकं. दोघं एकत्र वाजलेच पाहिजेत असं कुठं लिहिलंय? हलगी अजून घेतलेली नाही, हलगी आली की बाकी सगळ्यांनी घरी जायचं.

प्रश्न : मी भजनी मंडळात हार्मोनियम वाजवतो. मुलगा कीबोर्डवर अभंगाला कॉर्ड लावतो. मला ते बरं वाटत नाही पण का ते सांगता येत नाही. आपल्या रागात कॉर्ड चालतात का? (निपाणी)

काका, तुम्हाला बरं वाटत नाही म्हणजे कान चांगलाय तुमचा. दोन वेगळ्या गोष्टी आहेत यात.

एक म्हणजे वाद्यच. कीबोर्ड, आणि आपल्या बहुतेक हार्मोनियम पण, सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून लावलेल्या असतात. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर त्यातला शुद्ध गंधार ४०० वर येतो, आणि तंबोऱ्यातनं आपोआप ऐकू येणारा गंधार ३८६ च्या आसपास. चौदा सेंटचा फरक, कागदावर काहीच नाही, पण तंबोरा चालू ठेवून हार्मोनियमचा गंधार दाबून धरा, जरा चुरचुरतो. पंचमात मात्र फरक दोनच सेंटचा, म्हणून सा-प कधी खटकत नाही. आकाशवाणीनं १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती १९७१ च्या सुमारास सैल झाली, आणि त्या भांडणात ही स्वरांची गोष्ट पण होतीच. मधल्या काळात इकडं बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांसारखा माणूस हार्मोनियमच वाजवत आणि शिकवत बसला होता, ही आपल्या गावाची ऐट.

दुसरी गोष्ट कॉर्डची, म्हणजे दोन-तीन स्वर एकदम वाजवायची. तुमचा मुलगा भूप घेतो समजा. भूपात मध्यम नाही, निषाद नाही. आता तो सवयीनं तीन कॉर्ड लावणार, सा चा, म चा आणि प चा. म चा कॉर्ड म्हणजे म-ध-सा, आला मध्यम. प चा कॉर्ड म्हणजे प-नी-रे, आला निषाद. तुम्ही गाताय भूप आणि खाली तो भलतंच काहीतरी वाजवतोय, मग खटकणार नाही तर काय होईल? भूपात पूर्ण बसणारे कॉर्ड दोनच, सा-ग-प आणि ध-सा-ग. मग मी काय करते, तर तीन स्वरांचा हट्ट सोडते. सा-प, रे-प, ग-ध असे दोन दोन स्वर लांब धरायचे, आणि ते पण समेवर न बदलता जरा आधी नाहीतर नंतर बदलायचे. मुलाला सांगा एक महिना फक्त दोन बोटांनी वाजव म्हणून. चिडेल, पण ऐकेल.

पाप वगैरे काही नाही त्यात.

प्रश्न : तुम्ही अजून शिकताय असं वाचलं. एवढं काम केल्यावर काय शिकायचं राहिलंय? आणि विशारद करावं का? (चिकोडी)

सध्या दोन शिकण्या चालल्यात. गोव्यातल्या एका बाईंकडं ऑनलाइन काउंटरपॉइंट शिकतेय, म्हणजे एक चाल चालू असताना तिच्या जोडीला दुसरी स्वतंत्र चाल कशी चालवायची. पुस्तक जुनं, फुक्स नावाच्या ऑस्ट्रियन माणसाचं १७२५ सालचं, अजून जगभर त्याच पायऱ्यांनी शिकवतात. आधी एका स्वरासमोर एकच स्वर, मग एकासमोर दोन, मग चार, मग स्वर मागं ठेवून पुढच्या ठोक्यावर सोडवायचा, आणि शेवटी सगळ्याची मिसळ. मी अजून स्वर मागं ठेवण्यात अडकलेय आणि मला त्याच पायरीची सगळ्यात जास्त गोडी लागलीय, कारण ओवीवाल्या बायका नेमकं हेच करतात, एकीचा शेवट लांबतो आणि तो संपायच्या आत दुसरी सुरू करते, आणि मधल्या त्या एवढ्याशा जागेत दोन स्वर एकमेकांना घासतात. त्यांना फुक्स माहीत असायचं कारण नाही. मला मात्र ती जागा दिसायला फुक्स वाचावा लागला.

दुसरं म्हणजे धारवाडच्या एका गायिकेकडनं कानडी उच्चार आणि वचनं. मला कानडी बोलता येतं, बाजारापुरतं आणि भांडणापुरतं, पण गाताना र्‍हस्व-दीर्घ गेलं की कानडी माणूस लगेच मान वळवतो.

विशारदचं म्हणाल तर करा की. आपल्या शेजारच्या कुरुंदवाडला जन्मलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतल्या परीक्षा आहेत या, प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत. शाळेत संगीत शिक्षक व्हायचं असेल तर सर्टिफिकेट लागतं. अरेंजर व्हायचं असेल तर परीक्षेबरोबर अजून एक सवय लावून घ्या, आवडतं एक गाणं घ्यायचं आणि त्यातला फक्त बेस ऐकून लिहायचा, दुसऱ्या दिवशी फक्त व्हायोलिनं, तिसऱ्या दिवशी फक्त तालवाद्यं. कागदावर भातखंडे पद्धत वापरा नाहीतर स्टाफ, मी दोन्ही वापरते, कोमलाला खाली रेघ आणि तीव्र मध्यमाला डोक्यावर रेघ हे वीस सेकंदात लिहून होतं. कॉम्प्युटरवर म्यूझस्कोर फुकट मिळतं.

प्रश्न : पुण्यातल्या मित्राबरोबर व्हिडिओ कॉलवर वाजवायला बसतो, पण तबला आणि गिटार जुळतच नाहीत. नेट फास्ट आहे. काय चुकतंय? (गोकाक)

तुमचं काही चुकत नाही. आवाज हवेतनं एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद घेतो, म्हणजे बैठकीत शेजारी बसलेला तबला तुमच्यापर्यंत लगेच येतो. कॉलवर आवाज आधी गोळा होतो, बारीक केला जातो, जातो, तिकडं उलगडतो, आणि यात सहज शंभरावर मिलिसेकंद जातात. तो तुमचं ऐकून वाजवतो, तुम्ही त्याचं ऐकून थांबता, लय मागं मागं जात शेवटी झोपते. नेटचा स्पीड आणि ही दिरंगाई वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून आम्ही कुणी एकत्र वाजवतच नाही. एकानं रेकॉर्ड करायचं, दुसऱ्यानं त्यावर. गोव्याचा व्हायोलिनवाला, धारवाडची गायिका आणि मी, तिघं अजून एका खोलीत बसलेलो नाही. नियम एवढेच की फाइल वेव्ह पाहिजे, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, सगळ्यांची सुरुवात शून्यापासून, तुमचा भाग तिसऱ्या मिनिटाला येत असला तरी आधीची शांतता सकट पाठवायची, रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, लावायचा नाही, आणि फाइलच्या नावात सा कुठला ते लिहायचं. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल खरंच" असली नावं ठेवणाऱ्याला मी फोन करून शिव्या देते. पावसाळ्यात खानापूरच्या बाजूला ढोलकी रेकॉर्ड करू नका, शाई ओली, पुडी सैल, दर दहा मिनिटाला सूर उतरतो, आणि लाइट जाते ती वेगळी.

प्रश्न : आमच्या मंडळानं तुकोबांचा अभंग प्रसिद्ध चालीत, पण नवीन म्युझिक करून यूट्यूबवर टाकला. कॉपीराइट क्लेम आला. तुकोबांवर कुणाचा कॉपीराइट? (येळ्ळूर)

तुकोबांच्या शब्दांवर कुणाचाच नाही, चालीवर आहे. आपल्याकडं संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि रेकॉर्डिंगचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं. शब्द चारशे वर्षांचे असले तरी चाल गेल्या पिढीतल्या कुणी लावली असेल तर ती त्याची, नाहीतर त्याच्या वारसाची नाहीतर कंपनीची. आणि "नवीन म्युझिक" केलं म्हणजे सुटलो असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात अरेंजमेंट हे मूळ रचनेचं रूपांतर धरलंय, त्याला चालीच्या मालकाची परवानगी लागते. मी स्वतः अरेंजर आहे, मला हे कलम आवडायला पाहिजे असं नाही, पण आहे ते असं आहे. कव्हरसाठी, म्हणजे आधी आलेलं गाणं आपण नव्यानं गाऊन रेकॉर्ड करायला, ३१ सी म्हणून वेगळं कलम आहे, त्यात पहिल्या रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं जावी लागतात, आधी नोटीस आणि रॉयल्टी द्यावी लागते.

सोपा उपाय म्हणजे तुमच्या गावातली पारंपरिक चाल घ्या. येळ्ळूरला एवढे सप्ताह होतात, म्हाताऱ्या बुवांकडं अशा चाली असतील ज्या कुठल्याच कॅसेटवर नाहीत. ती गाऊन पण क्लेम आला तर तो मशीनचा गोंधळ, बिनधास्त डिस्प्यूट करा. आणि बँडवाले विचारत होते म्हणून सांगते, लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला लायसन लागत नाही, कायद्यातच तशी सूट आहे.

प्रश्न : हे सगळं करून शेवटी प्रोजेक्ट मराठी का कानडी? (नाव-गाव लिहिलेलं नाही)

मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, आणि त्यांनी नाटकातल्या पदांना कानडी चाली पण उचलल्या. गायक कुमार गंधर्व पण याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे, घरचं नाव शिवपुत्र कोमकली. त्यांना विचारा.

प्रश्न : यात पैसे मिळतात का? (संकेश्वर)

ओव्यांत नाही. पैसे शाळेच्या गॅदरिंगचे ट्रॅक, गणपती मंडळांची गाणी आणि निवडणुकीची गाणी यातनं येतात, निवडणुकीचे आधी घ्यायचे. त्यातले काही ओव्यांत जातात. बँडच्या वादकांना वरातीचा रोज मिळतो तेवढाच रोज देते, रेकॉर्डिंग दोन तासात संपलं तरी, कारण त्या दिवशी त्यांनी दुसरी सुपारी घेतलेली नसते.

प्रश्न : माझ्या आजीला खूप ओव्या येतात, वय झालंय. मोबाइलवर रेकॉर्ड करून तुम्हाला पाठवू का? कसं करायचं? (जांबोटी)

पाठवच. आणि आजच कर, दिवाळीला सगळे येतील तेव्हा करू असं म्हणू नको, सगळे आले की टीव्ही चालू असतो.

फोन एअरप्लेन मोडवर टाक, नाहीतर मध्येच रिंग वाजते. टेबलावर नुसता ठेवू नको, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेव, आजीपासून हातभर लांब, तोंडासमोर नको, जरा बाजूला. पंखा बंद. फ्रीज त्याच खोलीत असेल तर दुसऱ्या खोलीत बसा. आधी आजीला सांग की हे कशासाठी आहे आणि कोण ऐकणार आहे, तिला एखादी ओवी बाहेर जायला नको असेल तर ती ठेवू नको, काही ओव्या घरातल्याच माणसांवर असतात. सुरात गा, मोठ्यानं गा असलं काही सांगायचं नाही. जातं असेल तर जात्यावर बसव, नसेल तर हाताला काहीतरी काम दे, शेंगा सोलायला दे, नुसत्या मांडीवर हात ठेवून त्यांना ओव्या आठवत नाहीत. एक झाली की लगेच रेकॉर्डिंग बंद करू नको, पुढची तिथंच येते. शेवटी तिच्याच तोंडून नाव, माहेर आणि ओव्या कुणाकडनं शिकली ते बोलवून घे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रात असंच गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यात कुठली ओवी कुठल्या गावच्या कुठल्या बाईची हे लिहून ठेवलंय म्हणून ते काम आज वापरता येतं.

आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून पाठवू नको, आवाज चेपतो. डॉक्युमेंट म्हणून पाठव, मासिकाच्या नंबरवर, ते माझ्याकडं देतात.